समुद्राकाठचे विद्यापीठ : जावे की न जावे?

ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाने वा मुलीने पदवीनंतर गोवा विद्यापीठाचे नाव घेतले, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. इतक्या दूर कशासाठी? आणि तेथे जेवणाचे काय?

पहिल्याचे उत्तर विषयात आहे. १९८५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ ताळगावच्या पठारावर वसले आहे. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही जवळच आहे. सागरी विज्ञानाच्या अभ्यासकाला भरती-ओहोटी हीच प्रयोगशाळा, आणि ती चंद्रपुरात आणता येत नाही. परंतु अभ्यास वनांचा वा ग्रामसभांचा असेल, तर मेंढा-लेखासारखे गाव गडचिरोली जिल्ह्यातच आहे आणि २०११ पासून गोंडवाना विद्यापीठही. तेव्हा केवळ किनाऱ्याच्या ओढीने घर सोडू नये.

दुसरा प्रश्नही हसण्यावारी नेऊ नये. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि कंदमुळांचा त्याग वसतिगृहाच्या भोजनालयात साधेल का, हे पालकांनी प्रवेशापूर्वी पाल्यासह प्रत्यक्ष जाऊन पाहावे. शुल्क आणि बाहेरील विद्यार्थ्यांसाठीच्या जागा यांचीही तेव्हाच चौकशी करावी.

शेवटी एक गोष्ट पाल्यालाच विचारावी. घरचा नियम दूरदेशी टिकतो, तो स्वतःचा झाला असेल तरच. विषयाचेही तसेच आहे.