कचेरीतल्या यंत्रांचा अबोला

वाचकहो, लोणंदचा कांदा बाजार आपणांस ठाऊक आहेच. समजा, बाजाराच्या दिवशी तिथल्या एका अडत्याच्या पेढीवर लिलाव उरकला, वजने झाली, आणि आता पट्टी छापायची तर प्रिंटर गप्प! संगणक म्हणतो, 'प्रिंटर सापडत नाही.' दोघांत अंतर काय, तर दहा हातांचे. पण बाहेर शेतकरी टेम्पोपाशी ताटकळत उभा आहे. पट्टी हाती पडल्यावाचून त्याचा हिशेब पुरा होत नाही. अशा वेळी जो तो दिसेल ती वायर उपटतो, दिसेल ते बटण दाबतो, आणि साधा बिघाड अवघड होऊन बसतो.

आता असे पाहा. मिरजेकडून येणारी गाडी लोणंदला वेळेवर आली नाही, तर कुणी सगळा लोहमार्ग तपासत सुटत नाही. साताऱ्याहून सुटली का? वाठार सोडले का? सालपे ओलांडले का? असे विचारीत गेले, की गाडी कुठे अडली ते कळते. संगणकांच्या जाळ्यातही हेच करायचे.

पहिले स्टेशन वायरीचे. वायर जिथे खोचतात तिथे बहुधा एक बारीक दिवा असतो. तो लागत नसेल, तर टोक ढिले असेल, वायर उंदराने कुरतडली असेल, नाहीतर स्विच नावाची मधली पेटीच बंद असेल. या वायरीत आठ बारीक तारा असतात, आणि तिची सलग लांबी १०० मीटरच्या पुढे नेऊ नये. शंका आली तर दुसरी वायर लावून पाहा. खर्च थोडा, खात्री मोठी. एकाच वायरीची दोन्ही टोके मात्र एकाच स्विचमध्ये खोचू नका. साध्या स्विचमध्ये मग निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळी कचेरी ठप्प होते.

दुसरे स्टेशन पत्त्याचे. प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०. बहुधा राउटर हे पत्ते वाटतो. वीज जाऊन आली, संगणक आधी जागा झाला आणि राउटर मागून, तर पत्ता देणार कोण? मग विंडोजचा संगणक आपला आपणच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. हा आकडा दिसला, की समजावे, वाटणाऱ्याची भेटच झालेली नाही. राउटर पुरता सुरू होऊ द्या, मग संगणक बंद करून चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. प्रिंटरचा पत्ता मात्र बदलता नसावा. आज २० आणि उद्या २५ झाला, तर संगणक जुन्याच दारावर थापा मारीत बसेल. तो राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा.

तिसरे स्टेशन हाकेचे. 'पिंग' नावाची आज्ञा माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली लिहिली. पाण्याखालची वस्तू आवाज सोडून शोधतात, त्यावरून हे नाव पडले. आधी राउटरला हाक मारा, मग प्रिंटरला. राउटर ओ देतो आणि प्रिंटर देत नाही, तर दोष बहुधा प्रिंटरच्या बाजूचा. दोघेही गप्प, तर आपल्याच वायरीपासून पुन्हा सुरुवात करा. मात्र दुसऱ्या संगणकाने उत्तर दिले नाही म्हणून तो बंदच आहे, असे समजू नका. त्याचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, अनोळखी हाकेला मुद्दाम उत्तर देत नसेल.

चौथे स्टेशन परवानगीचे. कुणी म्हणेल, 'अहो, माझं इंटरनेट तर चालतंय!' चालेल, पण आपण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वाय-फायवर असाल, तर ते जाळे बहुधा आतल्या यंत्रांना भेटू देत नाही. तसेच विंडोजमध्ये कचेरीचे जाळे 'सार्वजनिक' म्हणून नोंदले गेले असेल, तर आपल्या संगणकातल्या फायली शेजारच्या संगणकाला दिसत नाहीत.

शेवटी दोन पथ्ये. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि राउटरच्या पाठीवरचे टाचणीने दाबायचे बटण सहज म्हणून दाबू नका. त्याने सगळी मांडणी पुसली जाते. सर्व यंत्रांचे पत्ते एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगा. जाणता माणूस बोलावयाचा झाला, तरी त्याचा निम्मा वेळ तो पुठ्ठा वाचवील.