ऐकावे, मग पारखावे

मंडळी, आमच्या चौलला मार्गशीर्षात दत्ताची जत्रा भरते. दुकानदार ओरडून ओरडून आपला माल चांगला म्हणून सांगतात. पण नारळ घेताना आपण काय करतो? कानाशी धरून हलवतो. आत पाणी वाजले, तरच पैसे देतो.

राज्य करणारेही असेच आपले चांगले सांगत असतात. त्याला प्रचार म्हणतात. जुने राज्य मोडून नवे आणणाऱ्यांना तर प्रचार फारच लागतो. कारण नव्या राज्यावर लोकांचा विश्वास बसायचा असतो.

आपल्या सातारा जिल्ह्याचेच पाहा. तिथे १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजांना न जुमानता प्रतिसरकार चालले. त्या वेळी वाचता येणारे थोडे. म्हणून क्रांतिसिंह नाना पाटील शेतकऱ्यांच्या बोलीत भाषणे करीत. शाहीर पोवाडे गात. पण नुसत्या बोलण्यावर भागते काय? गावात न्यायपंचायत बसे, तंटे मिटत. गुंडांना जरब बसे. थोडक्या खर्चात गांधी-लग्ने लागत. लोकांना डोळ्यांदेखत काम दिसले, तोच मोठा प्रचार झाला.

गुन्हेगाराच्या पायाला पत्री ठोकतात, अशीही बोलवा उठली. लोक 'पत्री सरकार' म्हणू लागले. त्यात कौतुक होते, तशी भीतीही होती. भीतीसुद्धा प्रचाराचे काम करते बरं का!

आता दूरच्या रशियाचे ऐका. तिथे १९१७ साली क्रांती झाली, लेनिनचे सरकार आले. खेड्यांतले पुष्कळ लोक निरक्षर होते. सरकारने आगगाड्या चित्रांनी रंगवल्या. त्यांत व्याख्याते, छापखाना, सिनेमा घालून त्या मुलखात फिरवल्या. १९१९ साली फर्मान काढून मोठ्या माणसांनाही वाचायला शिकवायला घेतले. काम मोठे खरे. पण विरोधकांची वर्तमानपत्रे त्याच सरकारने बंद पाडली. माणूस वाचायला शिकला, पण दुसरी बाजू वाचायला उरलीच नाही!

म्हणून आम्ही सांगतो, कोणी भाषण केले, कागद हाती दिला, तर तीन गोष्टी विचारा. सांगणारा कोण? बोलल्याप्रमाणे त्याने काय केले? आणि दुसऱ्याला तो बोलू देतो का?

तुम्हांला आता अक्षर आले आहे. छापले तेवढे खरे, असे मानू नका. आमचा हा धडासुद्धा नारळासारखा हलवून पाहा.