‘चांदी नाही’ हे आधी लिहा



पाटोदा तालुक्यातील तांड्यांवरच्या बंजारा भगिनी बनवतात ते दागिने मोबाईलवरून कसे विकले जातात, असे आपल्यापैकी अनेकांनी विचारले. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही तो माणूस आधी पैसे का पाठवील, हाही प्रश्न होता. उत्तराची सुरुवात मला माझ्याच चुकीपासून करावी लागेल.

पहिल्या वर्षी कवड्यांच्या एका माळेचा फोटो टाकताना मी खाली लिहिले, ‘सिल्व्हर घुंगरांची माळ’. माळ बनवणाऱ्या भगिनीने मला ‘जर्मन सिल्व्हर’ असे स्पष्ट सांगितले होते. घाईत मी ‘जर्मन’ गाळले. ज्या बाईंनी माळ घेतली त्यांनी ती सोनाराला दाखवली आणि मग मला फोन केला, “मिशनची माणसंसुद्धा असं करतात का?” मी क्षमा मागितली, पैसे परत केले. पण तांड्यावर गेल्यावर ती भगिनी म्हणाली, “ताई, मी तर खरं सांगितलं होतं. मग खोटी मी का ठरले?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून आमचा पहिला नियम आहे: जे नाही ते आधी लिहायचे. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी मुळीच नसते. निकेलमुळे काहींच्या कातडीला खाज सुटते, म्हणून तेही लिहितो. चांदीवर ‘925’ असा आकडा असेल तर त्याचा अर्थ हजार भागांत 925 भाग शुद्ध चांदी. आमच्या मालावर असा आकडा कुठेही नसतो.

दुसरा नियम ‘हाताने बनवलेले’ या शब्दांबद्दल. घुंगरू आणि पदके आम्ही बाजारातून तयार घेतो. कवड्या व मणी ओवणे, आरसे बसवणे, लोकरीचे फुंदे बांधणे हे काम हातचे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहितो. घुगरी, टोपली, हासली हे बंजारा स्त्रियांचे परंपरेचे दागिने. जुन्या मालाला भाव जास्त मिळतो, म्हणून नवा धातू काळा करून ‘जुना’ म्हणून विकण्याचा मोह व्यापारात असतो. आमच्याकडे नवे ते नवेच. आणि कोणाच्या आजीचा दागिना आम्ही विकायला घेत नाही.

फोटो सकाळच्या उजेडात, घराबाहेर काढतो. दिव्याखाली लाल रंग वेगळाच दिसतो. एका फोटोत माळेशेजारी मोजपट्टी ठेवतो, दुसऱ्यात माळ गळ्यात घातलेली असते. लांबी सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये देतो. फुंद्याचा रंग जातो का, हे एक फुंदा धुऊन पाहतो. जात असेल तर ‘पाणी लावू नका’ असे लिहितो. एखादी कवडी टवका गेलेली असेल तर तिचाही फोटो देतो. त्यामुळे काही गिऱ्हाईक कमी होते, पण परत येणारी पार्सलेही कमी होतात.

परत आलेले पार्सल आम्हाला फार जड जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मागे राहतात म्हाताऱ्या, नातवंडे आणि ज्यांची कंबर आता मोळी उचलू देत नाही अशा बाया. माळा प्रामुख्याने त्याच करतात. जाण्यायेण्याचा टपालखर्च अंगावर पडला की त्या माळेची मजुरी गेलीच.

विश्वासाचा प्रश्न आमच्या बाजूनेही आहे. एकदा एका गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, माल गेला, पैसे आलेच नाहीत. आता बँकेत रक्कम जमा झाल्याचे पाहिल्याशिवाय पार्सल बांधत नाही. भगिनींना एक वाक्य पाठ करून घेतले आहे: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगितला की फोन ठेवायचा. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवायचे.

तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर देतो, मग ते ‘विचारून सांगते’ एवढेच का असेना. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 मध्ये आले. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ग्राहकाला 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर दाद मागता येते. हा क्रमांक आम्ही पार्सलमधल्या चिठ्ठीवर छापतो. “आपल्याच विरुद्ध तक्रारीचा नंबर आपणच द्यायचा?” असे एका आजींनी विचारले होते. चिठ्ठी वाचून फोन करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने दुसरी माळ मागवली, तेव्हा त्यांना ते पटले.

आता आपल्यासाठी एक नाजूक गोष्ट. मंडळीतील काही प्रिय जनांनी, वस्तू न घेताच, आमच्या मालाखाली पाच तारे देऊन स्तुती लिहिली. हेतू प्रेमाचा होता. पण ज्याने माळ हातात घेतली नाही त्याची साक्ष खरी कशी ठरेल? वरील नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे मना आहे. मग आपल्याच माणसांकडून तसे लिहवून घेणे आम्हाला शोभेल का? आम्ही विनंती केली आणि त्यांनी तो मजकूर काढला, त्यांचे आभार.

आपण मदत करू इच्छित असाल तर एवढे करा. माळ आवडली तरच घ्या. दयेने घेतलेली वस्तू माणूस एकदाच घेतो. घेतल्यावर जसे आहे तसे लिहा, उणीव असेल तर तीही लिहा. मालाला दोन-चार दिवस उशीर झाला तर सांभाळून घ्या, पण विचारा जरूर.

‘खोटी मी का ठरले?’ असे विचारणारी ती भगिनी आता प्रत्येक माळेची माहिती मी लिहिली की मोठ्याने वाचून घेते. तिला वाचता येत नाही, म्हणून तिची नात वाचते. ‘चांदी नाही’ हे शब्द ऐकू आले की मगच ती मान हलवते, आणि मगच फोटो पुढे जातो.

हंगामावर गेलेल्या कुटुंबांना आणि मागे राहिलेल्या हातांना आपल्या प्रार्थनेत आठवावे, ही विनंती.