देवाच्या अंगणात उभी राहते दशावतारी कंपनी

कार्तिक मासी भाताची कापणी आटोपली की सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर ग्रामदेवतांच्या जत्रांना आरंभ होतो. पालखीची प्रदक्षिणा पूर्ण झाल्यावर उत्तररात्री मृदंगावर थाप पडते आणि दशावतारी नाटकास प्रारंभ होतो. पहाटे दहीकाल्याने त्याची सांगता होते. म्हणून मालवणी माणूस या नाटकाला ‘धयकालो’च म्हणतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगविले. दशावताराची परंपरा त्याहूनही प्राचीन मानली जाते.

अशी एखादी कंपनी आपल्या गावातूनही निघावी, ही उमेद आजही तरुणांच्या मनात उपजते. तिला साहित्य फारसे लागत नाही. देवळाचा सभामंडप हीच रंगभूमी. एक लाकडी बाक हेच सिंहासन आणि हाच रथ. पायपेटी, मृदंग व झांज एवढीच साथ. लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि पुराणकथेचे सूत्र धरून संवाद ज्याने त्याने रंगमंचावरच रचावयाचे असतात. स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच वठवितात. त्यामुळे खरे भांडवल म्हणजे पुराणांचे श्रवण, वाणीची तयारी आणि जागरण सोसणारी प्रकृती.

कठीण असते ती जत्रा मिळविणे. अनेक देवळांचे नाटक पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक कंपनीकडे चालत आलेले असते आणि हंगाम उन्हाळ्याअखेर सरतो. नवख्या मंडळाने म्हणून स्वतःच्या गावापासून आरंभ करावा. कोणाचा नवस फेडावयाचा असतो, कोणाच्या घरी सत्यनारायणाची पूजा असते. तेथे केलेले नाटक पाहूनच शेजारच्या गावचे मानकरी बोलावणे धाडतात.

दुसरी कसोटी आडदशावताराची. गणपती, ऋद्धिसिद्धी, मयूरारूढ सरस्वती, भटजी आणि वेद चोरणारा काळ्या वेशातील संकासुर हा पूर्वरंग आता पुष्कळ ठिकाणी आवरता घेतला जातो, क्वचित गाळलाही जातो. प्रेक्षकांना आख्यानाची घाई असते हे खरे. परंतु ज्या दहा अवतारांवरून या नाटकाला नाव मिळाले, त्यांची आठवण याच पूर्वरंगात उरली आहे. नव्या मंडळींनी तो आधी शिकावा, मग राजाचा मुकुट चढवावा.

यंदाच्या जत्रेत एखादे नवे मंडळ रंगू लागले, तर भाविकांनी ओटी भरून लगेच घराची वाट धरू नये. संकासुराचे पारिपत्य होऊन दहीकाल्याचा प्रसाद हाती येईपर्यंत बसावे. बसणारे गाव असेल, तरच कंपनी उभी राहील.