घरातील हवेचा हिशेब

नव्या घराचा ताबा घेताना आपण बरेच काही तपासून पाहतो. फरशी कोठे पोकळ वाजत नाही ना, नळाला पाण्याचा जोर पुरेसा आहे ना, दारांच्या कड्या नीट बसतात ना, इतके बारकाईने पाहणारे गृहस्थही एक प्रश्न सहसा विचारीत नाहीत : या घरातील वापरलेली हवा कोणत्या वाटेने बाहेर जाणार आणि तिच्या जागी ताजी हवा कोठून येणार? वाड्याच्या चौकाने, माजघरातील झरोक्याने आणि स्वयंपाकघराच्या धुराड्याने हे काम पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य केले. त्यामुळे त्याला काही मोल असते, हे आपल्या ध्यानातच आले नाही. सदनिकेत ते काम यंत्राकडे सोपवले जाते; आणि यंत्र म्हटले की किंमत आली, वीजबिल आले आणि दुरुस्तीही आली.

यंत्राकडे वळण्यापूर्वी खिडकीचा विचार केलेला बरा. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व दमट हवामानाच्या प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश असावे. उष्ण व कोरड्या प्रदेशात ते एक-दशांश चालते. म्हणजे मुंबई किंवा कोची येथील 120 चौरस फुटांच्या खोलीला 20 चौरस फुटांची खिडकी हवी. तथापि सरकती खिडकी कितीही मोठी बसवली, तरी ती एका वेळी निम्मीच उघडते, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. तिला वीज लागत नाही आणि पंधरा-वीस वर्षांत फार तर बिजागऱ्या बदलाव्या लागतात. टिकाऊपणाच्या बाबतीत तिच्याशी बरोबरी करणारे यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

स्नानगृहातील एक्झॉस्ट फॅन हे सर्वांत साधे यंत्र. समजा, तो 30 वॅटचा आहे आणि दिवसातून दोन तास चालतो. वर्षाला सुमारे 22 युनिटे होतात. युनिटचा दर दहा रुपये धरला तर बिल 220 रुपये. तोच पंखा ओल हटावी म्हणून दिवसरात्र चालू ठेवला, तर वर्षाची 263 युनिटे, म्हणजे 2,600 रुपयांच्या वर. दीड हजारांच्या पंख्याने एका वर्षात आपल्या किमतीहून अधिक वीज खाल्ली! ज्यांना पंखा अखंड चालवावयाचा आहे, त्यांनी आठ-दहा वॅटचा बीएलडीसी मोटरचा पंखा अधिक पैसे देऊनही घ्यावा. दोन तासांपुरताच वापर असेल, तर मात्र त्या जादा किमतीची भरपाई होण्यास अनेक वर्षे लागतील.

हे पंखे बंद कशाने पडतात? मोटर जळण्याची वेळ बहुधा शेवटी येते. आधी पात्यांवर धूळ आणि ओल यांचे थर बसतात, कपॅसिटर अशक्त होऊन वेग मंदावतो, बाहेरच्या झडपा चिकटून बसतात. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, हवा मात्र जागची हलत नाही. पंख्याच्या जाळीवर कागदाचा कपटा धरून पाहावा. तो आपोआप चिकटून राहिला नाही, तर पंखा नुसता फिरतो आहे असे समजावे. कधी दोष पंख्याचा नसून दाराचा असतो. स्नानगृहाचे दार फरशीला घासून बसत असेल, तर हवा आत येण्यास वाट नाही आणि जी आत येत नाही ती बाहेर कोठून जाणार? दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवली की पंखा नवा झाल्यासारखा वाटतो.

स्वयंपाकघरातील चिमणीची गोष्ट मला स्वानुभवाने कळली, आणि ती महाग पडली. आमच्या घरी बसवलेल्या चिमणीचे तोंड सहा इंचांचे होते. तेथून निघालेली लवचिक ॲल्युमिनियमची नळी फॉल्स सीलिंगमधून तीन वळणे घेत बाहेरच्या भिंतीपर्यंत जात होती आणि भिंतीतले भोक होते चार इंचांचे, कारण मोठे भोक पाडण्याची दगदग कोणालाच नको होती. दोन वर्षांत फोडणीचा धूर दिवाणखान्यात येऊ लागला. एका कारागिराने जाळ्या बदलल्या, दुसऱ्याने मोटर बदलली. फरक पडला नाही. तिसऱ्याने फॉल्स सीलिंगची एक फळी काढली. नळी तेलकटाच्या भाराने मध्येच लोंबली होती आणि तिच्या बाहेरच्या टोकाशी कबुतराने घरटे केले होते. मोटर बिचारी निर्दोष होती. तिच्या किमतीत रुंद भोक, सरळ कडक नळी आणि टोकाला पक्ष्यांसाठी काढता येणारी जाळी, एवढे सारे झाले असते.

चिमणीच्या खोक्यावर ताशी हजार-बाराशे घनमीटर असा जो आकडा छापलेला असतो, तो लांब नळीचा अडथळा हिशेबात घेत नाही. प्रत्येक वळण त्यातून काही वजा करते. चिमणी आपली आपण साफ होते असे सांगितले जाते, तेव्हा पंख्यावरचे तेल वितळून खालच्या पेल्यात उतरते. नळीतले तेल जेथल्या तेथे राहते. नळीवाचून चालणाऱ्या चिमण्याही मिळतात. त्या कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून पुन्हा घरातच सोडतात. वास कमी होतो, पण वाफ, उष्णता आणि ज्वलनातून निघालेले वायू घरातच उरतात. शिवाय तो फिल्टर धुता येत नाही, ठरावीक महिन्यांनी नवा घ्यावा लागतो. खरेदीच्या वेळी स्वस्त वाटलेली ही चिमणी काही वर्षांत सर्वांत महाग ठरते.

अलीकडे मोठ्या शहरांत 'उष्णता परत मिळवणारी' वायुवीजन यंत्रणाही विकली जाते. तिचे मूळ थंड देशांत आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर युरोपात घरांच्या फटी बुजवून इंधन वाचवण्याची धडपड सुरू झाली. बंद घरात शुद्ध हवा आणावयाची, पण बाहेर जाणाऱ्या हवेतील ऊब आत ठेवून घ्यावयाची, यासाठी ही यंत्रणा कामी आली. जर्मनीतील डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात 1990-91 मध्ये बांधलेल्या चार जोडघरांत ती बसवली गेली आणि पंचवीस वर्षांनंतरच्या तपासणीतही चांगली चालत असल्याचे दिसून आले. याउलट नेदरलँड्समधील आमर्सफोर्टच्या फाटहॉर्स्ट वसाहतीत 2007-08 च्या सुमारास रहिवाशांच्या आरोग्याच्या तक्रारी गाजल्या. तेथे अपुरी हवा, यंत्राचा आवाज आणि देखभालीतील उणिवा पुढे आल्या. तत्त्व दोन्हीकडे एकच होते. बसवणारा हात आणि फिल्टर बदलणारा हात वेगळा होता.

ही यंत्रणा आपल्याकडे परवडते का? नागपूरची उन्हाळ्यातील रात्र घ्या. बाहेर 35 अंश, आत वातानुकूलनामुळे 25 अंश. तीन माणसांसाठी ताशी 100 घनमीटर ताजी हवा धरली, तर ती गार करण्यास सुमारे 330 वॅट उष्णता काढावी लागते. त्यासाठी एसीला वीज लागते अदमासे 110 वॅट. आठ तासांचे पावणेनऊ रुपये. यंत्रणेने यातील 70 टक्के वाचवले, तर सहा रुपये वाचले. तिच्या स्वतःच्या पंख्यांनी 40 वॅट खाल्ले, ते झाले सव्वातीन रुपये. रात्रीला तीन रुपयांची बचत, चार महिन्यांत साडेतीनशेच्या आसपास. एका फिल्टरची किंमतही यातून निघणे कठीण. मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत बाष्पही अडवणारी यंत्रणा घेतल्यास बचत वाढते, पण संपूर्ण घरासाठी लाखाच्या घरात जाणारी गुंतवणूक वसूल व्हावी इतकी नव्हे. डार्मश्टाटच्या हिवाळ्यात आत-बाहेरचा फरक 25 अंशांपर्यंत जातो, तोही दिवसरात्र. तेथला हिशेबच निराळा.

दिल्लीत राहणाऱ्या आपल्या वाचकांचे गणित मात्र बिलाचे नाही. हवेतील अतिसूक्ष्म कणांसाठी आपले राष्ट्रीय मानक 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम असे आहे आणि नोव्हेंबरात तेथली हवा त्याच्या अनेक पटींनी दूषित होते. अशा वेळी खिडकी उघडणे हा उपाय उरत नाही. हवा गाळून आत घेणारे यंत्र घेणे समर्थनीय ठरते. पण मग फिल्टरचा खर्च प्रतिवर्षी येणार हे गृहीत धरावे आणि खरेदीपूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : फिल्टरची आजची किंमत, आणि तो शिडीवर न चढता घरच्या माणसाला बदलता येतो की नाही.

आता ज्या ठिकाणी पैशाचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो, त्या गॅस गीझरविषयी. बंद स्नानगृहात गीझर पेटला की तो तेथलाच प्राणवायू वापरतो. प्राणवायू अपुरा पडला, बर्नर काजळीने भरला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. थंडीत खिडकीची झडप वर्तमानपत्र लावून बंद केलेली असते, स्नान करणाऱ्यास गुंगी येते आणि दाराची कडी आतून लावलेली असते. अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो.

पंखा लावला म्हणजे धोका टळला, हा समज येथे घातक आहे. हवा येण्याची वाट नसेल, तर एक्झॉस्ट फॅन खोलीतील दाब कमी करतो आणि धुराच्या नळीतून बाहेर जाऊ पाहणारे वायू उलटे आत ओढू शकतो. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली, तर गीझर त्याच क्षणी बंद करावा आणि कारागीर येईपर्यंत पेटवू नये. गॅस गीझर स्नानगृहात नसावाच. तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवण्यास लागतात काही फूट पाइप आणि प्लंबरचा एक दिवस.