रोज किती खावे, हे ठरते कसे?



कुरकुंभच्या शिवारात सुरू उसाची मात्रा विचारा, शेंबडं पोरही सांगेल : हेक्टरी २५० किलो नत्र. पण माणसाच्या खुराकाची मात्रा कोण ठरवतो?

आपल्या देशात हे काम हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था करते. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली. २०२० साली तिने आपले आकडे सुधारले.

पद्धत अशी. निरोगी माणसाच्या शरीरातून एखादे द्रव्य रोज किती खर्ची पडते आणि खाल्लेल्यापैकी किती अंगी लागते, हे पाहून सरासरी गरज काढतात. पण निम्म्या लोकांची गरज सरासरीहून जास्त असते. म्हणून वर भर घालून अशी मात्रा ठरवतात, की शंभरातल्या ९७ निरोगी माणसांना ती पुरावी. प्रथिनांची सरासरी गरज वजनाच्या दर किलोस ०.६६ ग्रॅम, तर शिफारस ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६५ किलोच्या गड्याला ५४ ग्रॅम.

उष्मांकांना मात्र असा भर घालत नाहीत, कारण जादा उष्मांक चरबी होऊन बसतात. तिथे कामानुसार सरासरीच धरतात. त्याच ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामास २११०, अंगमेहनतीस ३४७०. खुर्चीवाल्याने तोडणीवाल्याइतके खाल्ले तर पोट सुटणारच!

आता लोहाचे बघा. पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, तर पाळी येणाऱ्या वयातल्या बाईला २९. पाळीत रक्त जाते, ते भरून काढावे लागते. म्हणजे तिला भाकरी थोडी कमी लागेल, पण लोह जास्त. आणि आपल्याकडं काय होतं? पुरुषांची पंगत उठल्यावर तळाशी उरलेली आमटी तिच्या वाट्याला! मटकी, बाजरी, शेवग्याचा पाला तिच्या ताटात आधी पडू द्या. वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा नको.

एक ध्यानात ठेवा. हे आकडे निरोगी माणसाचे आहेत. चोपण जमिनीला नेहमीची मात्रा लागू पडत नाही, तसेच आजाऱ्याचे आहे. घरातल्या बाईला धाप लागत असेल, चेहरा पांढुरका दिसत असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. मातीचा नमुना आपण हौसेने पाठवतो. घरच्या लक्ष्मीसाठी एवढे नको का करायला?