थकबाकीची भाषा आणि विद्यार्थ्यांचे मन

चेन्नईत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची विचारपूस करताना एक प्रश्न हमखास येतो : 'अरिअर्स किती?' महाराष्ट्रात ज्याला एटीकेटी म्हणतात, त्यालाच इथे अरिअर्स म्हणतात. शब्दशः अर्थ, थकबाकी. महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्या कानाला हा शब्द अजूनही खटकतो. थकबाकीदाराकडे सरकार कोणत्या नजरेने पाहते हे मला चांगले ठाऊक आहे. त्याची अडचण कोणी विचारत नाही; रक्कम आणि मुदत तेवढी विचारली जाते. एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी स्वतःकडेही त्याच नजरेने पाहावे, अशी व्यवस्था आपल्या विद्यापीठांनी करून ठेवली आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. २००१मध्ये हीच संख्या ५,४२५ होती. २०२२च्या यादीत महाराष्ट्र पहिला आणि तमिळनाडू दुसरा, म्हणजे उद्योग व उच्चशिक्षण यांत अग्रेसर म्हणवणारी दोन राज्ये. २,२४८ मृत्यूंपुढे 'परीक्षेतील अपयश' हे कारण नोंदवलेले आहे. ही नोंद मुळात पोलीस ठाण्यात होते आणि छापील रकान्यांतच होते. रखडलेली शिष्यवृत्ती, मार्गदर्शक प्राध्यापकाची खप्पामर्जी, वसतिगृहात जातीवरून झालेली हेटाळणी यांसाठी त्या तक्त्यात रकाना नाही. रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या मातांना २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, ते या कोऱ्या जागेमुळेच.

तरीही परीक्षेच्या रकान्याबाबत चेन्नईने देशाला एक गोष्ट शिकवली आहे, आणि तिची दखल फार थोड्यांनी घेतली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६मध्ये इथे 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. दूरध्वनीवर दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणारे तिचे बहुतेक कार्यकर्ते डॉक्टर नव्हेत, साधे प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत. निकालाच्या दिवसांत येणारे फोन ऐकताना एक गोष्ट स्पष्ट झाली. मुलांना अपयशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, धास्ती असते ती वाया जाणाऱ्या वर्षाची. मित्र पुढे जाणार, आपण मागे राहणार आणि घरात ते वर्षभर बोलले जाणार. संस्थेने राज्य सरकारकडे पाठपुरावा केला. बारावीचा निकाल लागल्यावर अल्पावधीत पुरवणी परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण झालेल्यांना त्याच वर्षी महाविद्यालयात प्रवेश मिळावा, एवढीच मागणी होती. या शतकाच्या पहिल्या दशकात ती व्यवस्था रुळली. महाराष्ट्राने दहावीसाठी जुलैतील फेरपरीक्षा २०१५मध्ये सुरू केली. या निर्णयाला ना नवी इमारत लागली, ना नवे पद. मंडळाचे वेळापत्रक बदलले. माझ्या मते आत्महत्या प्रतिबंधाचा इतका स्वस्त सरकारी उपाय दुसरा नाही.

याचा अर्थ परीक्षाच नकोत, असा नव्हे. तो प्रयोगही याच राज्यात होऊन गेला. महासाथीच्या काळात, ऑगस्ट २०२०मध्ये, तमिळनाडू सरकारने थकीत विषयांचे शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांना सरसकट उत्तीर्ण ठरवण्याचे जाहीर केले. मुख्यमंत्र्यांचे आभार मानणारे फलक झळकले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आक्षेप घेतला आणि पुढे मद्रास उच्च न्यायालयानेही तो मार्ग अमान्य करून परीक्षा घ्यायला लावल्या. न्यायालयाचे म्हणणे मला योग्य वाटते. मुलांना फुकटची पदवी नको असते, लवकर मिळणारी दुसरी संधी हवी असते. माफी आणि संधी यांतला हा फरक लोकप्रियतेच्या मागे लागलेल्या सरकारांना सहसा कळत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे एका नापास विद्यार्थ्याची आठवण अपरिहार्य आहे. श्रीनिवास रामानुजन यांची कुंभकोणमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गणितेतर विषयांमुळे गेली. १९०५मध्ये ते घरातून निघून गेले. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातूनही ते एफ.ए.च्या परीक्षेत अनुत्तीर्णच झाले. या कथेतून 'प्रत्येक नापासात एक रामानुजन दडला आहे' असा बोध काढणाऱ्या भाषणांचा मला कंटाळा आहे. मला त्यातले प्रशासन महत्त्वाचे वाटते. १९१३मध्ये मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. नियमात ते बसत नव्हते. कोणीतरी टिप्पणी लिहिली, कोणीतरी सही केली. आजच्या कुलसचिवाला संगणकप्रणाली 'अपात्र' दाखवत असताना अशी सही करता येईल का?

त्याच शहरात, गिंडीच्या हरणांच्या सान्निध्यात वसलेली आयआयटी २०२३मध्ये विद्यार्थ्यांच्या मृत्यूंच्या मालिकेने हादरली. त्या वर्षी मार्चअखेर एका पीएच.डी. संशोधकाचा मृत्यू झाल्यावर निवृत्त पोलीस अधिकारी जी. तिलकवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. संस्थेने 'बी हॅपी' नावाचे संकेतस्थळही सुरू केले. हेतू चांगलाच असणार, पण आनंदी राहण्याचा आदेश आज्ञार्थी क्रियापदाने देता येत नाही. संशोधक विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती, प्रबंध, शिफारसपत्र आणि पर्यायाने नोकरी एकाच व्यक्तीच्या सहीवर अवलंबून असते. सरकारी नोकरीत कनिष्ठाचा गोपनीय अहवालसुद्धा एकाच्या हाती राहत नाही, तो पुनर्विलोकनासाठी वर जातो. मग संशोधकाला सहमार्गदर्शकाचा आणि कारण न सांगता मार्गदर्शक बदलण्याचा हक्क का असू नये?

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. निर्देश स्वागतार्ह आहे. मात्र अनेक महाविद्यालयांत अध्यापकांची पदेच रिक्त असताना समुपदेशक येणार कोठून, आणि आला तर तो कंत्राटी असल्यास व्यवस्थापनाविरुद्धची तक्रार ऐकेल का? २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालील व्यक्ती मानतो आणि तिच्या शुश्रूषेची जबाबदारी सरकारवर टाकतो. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चोवीस तास उपलब्ध आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. तो प्रत्येक ओळखपत्राच्या मागे छापायला किती खर्च येईल?

शिष्यवृत्तीचे तर मी सेवेत असताना जवळून पाहिले आहे. निधी मंजूर असतो, देयक कोषागारात अडते, मार्चअखेर तो परत जातो आणि मुलाला मेसवाला दारात उभे करत नाही. त्या मुलाला श्वसनाचे व्यायाम शिकवून काय होणार? घरातून प्रथमच पदवीपर्यंत पोचलेला, तमिळ वा मराठी माध्यमातून थेट इंग्रजी व्याख्यानांत येऊन पडलेला विद्यार्थी आपली अडचण बोलून दाखवत नाही. गावाने निरोप देताना केलेला सत्कार त्याला आठवत असतो.

महाराष्ट्राकडे निदान एक हत्यार तयार आहे. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे. दुसऱ्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन मूल्यांकनाने हजारोंना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवले. परदेशातले आणि नोकरीचे प्रवेश हुकले, कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्यानंतर निकालांच्या तारखांवर अधिसभांमध्ये सातत्याने प्रश्न विचारले गेले पाहिजे होते. समुपदेशकांची भरती होईल तेव्हा होवो. परीक्षेचा शेवटचा दिवस, निकालाचा दिवस आणि फेरपरीक्षेचा दिवस, या तीन तारखा प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याच्या हातात छापून ठेवाव्यात. त्यासाठी कोणत्याही कृतिदलाच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.